रुमालाखालचा सौदा

सांगलीच्या हळद बाजारात रुमालाखाली काकणं वाजली, असं त्याआधी कधी कुणी ऐकलं नव्हतं.

तिथल्या सौद्याची रीत अशी. हळकुंडांच्या ढिगापाशी अडत्या उभा राहतो आणि खांद्यावरचा रुमाल उजव्या हातावर टाकतो. घेणारे व्यापारी एकेक करून पुढे येतात, रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात; अडत्याही तशीच बोटं दाबून वाढवून मागतो. तोंडानं चकार शब्द काढायचा नाही. चेहऱ्यावरूनही कुणाला काही कळता कामा नये, म्हणून अडत्या बघतो छताकडे आणि व्यापारी आपल्या चपलांकडे. भाव पटला की अख्खी मूठ आवळायची. मूठ आवळली की सौदा पक्का, मग प्रत्यक्ष ब्रह्मदेव खाली उतरला तरी तो मोडत नाही. बाजार समितीनं उघड लिलावाचा नियम केव्हाच काढला होता म्हणे. पण चौऱ्याहत्तर सालच्या त्या मार्च महिन्यात जुन्या अडत्यांचे हात अजून रुमालाखालीच सुखी होते.

प्रमिला निकम साताऱ्याहून हे सगळं फक्त बघायला आली होती. ती तिथल्या एका लॉ कॉलेजात शिकवायची. निळी सुती साडी, नाकावर घसरणारा चष्मा, खांद्याला शबनम पिशवी. आणि स्वभाव असा की, बघायचं म्हणजे जवळून बघायचं, आणि जवळून म्हणजे अगदी नाक लावून. रांगेत पुढे असलेला म्हातारा तात्याबा भाव सांगून बाजूला झाला. प्रमिला रुमालाखाली काय चाललंय ते बघायला वाकली, ढिगावरून पाय घसरला, तोल सावरायला तिनं हात पुढे केला... आणि छताकडे बघत उभ्या असलेल्या अडत्यानं तो हात रुमालाखाली ओढून घेतला.

तो तळवा ऊबदार होता, हळदीच्या भुकटीनं जरा खरखरीत. तिच्या बोटांवर एक दाब आला, मग दुसरा, मग आणखी एक. प्रमिला दचकली. दचकलेला माणूस जे करतो तेच तिनं केलं. हाताला लागलं ते घट्ट धरलं. काकणं खुळखुळली.

"सौदा झाला!" अडत्या सवयीनं ओरडला, आणि मग त्यानं खाली पाहिलं.

हमालांच्या पाठीवरची पोतीसुद्धा तिथल्या तिथे थांबली.

"आरं कृष्णा," तात्याबा म्हणाला, "ह्यो व्यापारी कुठला म्हनायचा रं? चष्मा लावतुया, कुकूबी लावतुया."

मग जो हशा पिकला त्यात प्रमिलाचे कान लाल झाले.

"मी... मी नुसती बघत होते."

"बघायला देवानं डोळे दिलेत की, बाई," तो अडत्या, कृष्णात मोहिते, म्हणाला. "हात कशाला घातलात?"

"तुम्ही कशाला धरलात?"

हात त्यानं अजून सोडलेला नव्हता. हे दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं आणि दोघांनीही तो एकदमच काढून घेतला.

घोळ इथेच मिटला असता. पण ज्याची हळद होती तो आकाराम, मलकापूरकडचा शेतकरी, ढिगाशेजारी डोळे विस्फारून बसला होता. कृष्णातनं त्याच्या कानात भाव सांगितला होता. आकारामनं पटका काढून मांडीवर ठेवला. "बाईसाब, लय भाव दिलासा," तो म्हणाला, "आमच्या कष्टाचं सोनं केलंसा." त्याच्या चेहऱ्याकडे बघून, झालं ते चुकून झालं असं सांगायची छाती तिथे कुणाचीच होईना.

कृष्णात तिच्याकडे झुकून हळूच म्हणाला, "मी नुसता ताणून बघत होतो. या भावाला कुणी मूठ आवळेल असं स्वप्नातही नव्हतं. माल मी माझ्या नावावर घेतो, काळजी करू नका. पण सौदा मोडला, असं मात्र म्हणायचं नाही. बोललेला सौदा आहे तो."

"बोललेला?" प्रमिलाचा चष्मा घसरला, तो तिनं वर सारला. भीतीबिती कुठल्या कुठे गेली. आता ती वर्गात उभी होती. "एक शब्द तरी बोललंय का कुणी?"

कृष्णातनं तिच्याकडे नीट बघितलं. त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"चहा घेता का, बाई?" तो म्हणाला. "हे भांडण उभ्यानं होण्यातलं नाही."

पेढीवरच्या पांढऱ्या गादीवर बसून ते भांडण झालं. चहाचे दोन कप गार झाले, तिसरा आला.

"वकील आहात का?"

"वकील घडवते. रोमन कायदा शिकवते."

कृष्णात मोठ्यांदा हसला. "रोमन लॉ! मला चाळीस मार्क होते. कोल्हापूरला. चाळीसलाच पास करायचे म्हणून पास झालो. वर्षभर काळा कोट घालून कोर्टाच्या व्हरांड्यात उभा राहिलो. मग वडील गेले, आणि कोट खुंटीवर अन् रुमाल खांद्यावर."

"मग तुम्हाला माहीतच असेल. जुन्यात जुना रोमन करार म्हणजे प्रश्न आणि उत्तर. एकानं विचारायचं, वचन देतोस? दुसऱ्यानं त्याच शब्दांत म्हणायचं, वचन देतो. मोठ्यानं. मान हलवून चालत नाही, हं म्हणून चालत नाही. बोलला नाही तर बांधला गेला नाही."

"पण पुढे विक्रीला नुसती संमती पुरायला लागली. चाळीस मार्कांत तेवढं आठवतंय मला."

प्रमिला जरा थबकली. बरोबर होतं त्याचं. "संमती होती कुठे? मी दचकले होते."

"दचकल्यावर माणूस खोटं बोलत नाही, बाई."

हे वाक्य त्यानं कपाकडे बघत म्हटलं. प्रमिलाला उगीचच उकडायला लागलं. मार्च होता म्हणा.

मग त्यानं विचारलं, हे सगळं बघायला सांगलीला कशाला आलात, आणि प्रमिला सुटली. या विषयावर कुणी विचारलं की ती सुटायचीच. तिचे वडील, सुभेदार लालासाहेब, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी पलटणीबरोबर इटलीत होते. पायात गोळी लागली तेव्हा एका खेड्यातल्या पाद्र्यानं त्यांना चर्चमध्ये लपवलं. परत येताना त्यांना त्यानं आठवण म्हणून लॅटिन कवितांचं एक जुनं पुस्तक दिलं. साताऱ्याजवळच्या त्यांच्या खेड्यात, जिथे घरटी एक फौजी आणि फळीवर पोथ्या, तिथे ते पुस्तक पोथ्यांच्या शेजारी जाऊन बसलं. अक्षर कळत नाही म्हणून ती लहानपणी त्याच्यावर रुसायची. पुढे पुण्याला एका म्हाताऱ्या फादरकडे ती हट्टानं लॅटिन शिकली.

"दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये काही तरुण कवी झाले," ती म्हणाली. "घरच्यांनी वकिलीला घातलेले. पोरं कोर्ट सोडून प्रेमात पडली, पण तोंडातली कोर्टाची भाषा काही जाईना. यांची प्रेयसी म्हणजे न्यायाधीश. खोलीतला दिवा म्हणजे साक्षीदार. प्रेम म्हणजे दोन राज्यांतला तह, आणि देव जामीन. मी त्याच्यावरच प्रबंध लिहितेय. कायदा आणि प्रेम."

"आणि तिनं दार उघडलं नाही तर?"

"तर उंबऱ्यावर बसून दाराशी युक्तिवाद."

"दाराशी?"

"दाराशी."

"मग निकाल काय लागायचा?"

"बहुतेक वेळा विरोधात."

"तरी पुढच्या तारखेला यायचे?"

"तरी यायचे," प्रमिला म्हणाली आणि तिला हसू आलं. पुण्याच्या त्या फादरना सोडून तिला कुणी आजवर एवढे प्रश्न विचारले नव्हते. घरचे, कॉलेजातले, सगळे विषयाचं नाव ऐकूनच घसा खाकरायचे.

संध्याकाळच्या एस.टी.त बसल्यावर तिनं उजवा हात पाहिला. तळवा पिवळाधमक झाला होता. साबणानं धुतला तरी तो रंग कितीतरी दिवस गेला नाही. आणि खरं सांगायचं तर तिनं फार जोर लावून धुतलाही नाही.

एप्रिलमधल्या एका शनिवारी सांगली-सातारा गाडीच्या टपावरून हळदीचं एक पोतं उतरलं, आणि पाठोपाठ कृष्णात मोहिते. "सौदा तुमच्या नावानं पुकारला गेला," तो दारात उभा राहून म्हणाला, "तर एक पोतं तरी तुमच्या घरी पोचायला हवं. आमच्या बाजारात रीत आहे. न पोचलेला सौदा अडत्याला बाधतो."

अशी काही रीत नव्हती. हे प्रमिलाला पुढे तात्याबाकडून कळलं.

तिची घरमालकीण चंद्राबाई कमरेवर हात ठेवून आडवी आली. "पोतं ओट्यावर ठेवा. बापय मानूस उंबऱ्याच्या आत न्हाई. माझ्या घरचा कायदा हाय."

"कायदा मान्य आहे, मावशी," कृष्णात म्हणाला. त्यानं पोतं ओट्यावर ठेवलं, आणि परत फिरायचं सोडून त्याच्यावरच बसला.

प्रमिला आतल्या बाजूला, दाराच्या चौकटीला टेकून. तो बाहेर, पोत्यावर. मधे उंबरा. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि प्रमिलाला इतकं हसू फुटलं की तिला पदर तोंडाला लावावा लागला.

"काय झालं?"

"दोन हजार वर्षं झाली," ती म्हणाली, "पण जागा तीच आहे तुमची."

मग दर शनिवारी तारीख पडायला लागली. बाजार उरकून तो दुपारच्या गाडीनं यायचा आणि रात्र व्हायच्या आत परतीची गाडी धरायचा. पोतं म्हणजे त्याची खुर्ची. आळीत व्हायचा तो बोभाटा झालाच. निकमबाईंच्या दारात हळद येऊन पडलीय म्हटल्यावर लोक काय म्हणणार? भाजीवालीसुद्धा तारीख विचारून गेली. चंद्राबाईनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "लगीन न्हाई, अभ्यास चाललाय."

आणि अभ्यास खरंच चालला होता. ती एखादी कविता मराठीत सांगायची आणि तो उलटतपासणी घ्यायचा. जुलैत पाऊस लागला. पागोळ्या त्याच्या चपलांवर पडायच्या, तो पाय पोत्यावर घ्यायचा, पण तारीख चुकवायचा नाही.

"आज मी दाराचं वकीलपत्र घेतलंय," एका शनिवारी तो म्हणाला. "सगळे कवी दाराला शिव्या देतात. दाराची बाजू कुणी मांडायची? माझं अशील लाकडाचं आहे, पण निर्दोष आहे. त्याला जसं लावलं तसं ते लागलं."

"दार आतून कोण लावतं, ते कोर्टाला माहीत आहे."

"मग आतल्या पक्षकाराला कोर्टापुढे हजर करा."

"पक्षकार हजर आहे. चौकटीला टेकून उभा आहे."

"पक्षकाराच्या केसावर पावसाचा थेंब आहे," कृष्णात म्हणाला. "याची नोंद व्हावी."

प्रमिलानं तो थेंब पुसला नाही.

चंद्राबाई आत सुपात तांदूळ निवडत होती. तिचं सगळं लक्ष इकडेच होतं. तिनं तिथूनच विचारलं, "पर त्या रोमच्या बाईनं दार लावलं व्हतं कशापायी?"

"तिला खात्री नव्हती, चंद्राबाई," प्रमिला म्हणाली.

"कशाची?" हे मात्र कृष्णातनं विचारलं.

"तो मनातलं बोलतोय... की नुसता युक्तिवाद करतोय, याची."

कृष्णात पत्र्याच्या छताकडे बघायला लागला. सौद्याच्या वेळी बघायचा, अगदी तसा. या माणसावर आपला जीव जडलाय, हे प्रमिलाला त्या क्षणी लख्ख कळलं. आणि हेही कळलं की तो दुनियेभरचं बोलेल, पण तेवढं बोलणार नाही.

ऑगस्टात प्रमिलाच्या अर्जाला रोमच्या विद्यापीठाचं उत्तर आलं. दोन वर्षांची शिष्यवृत्ती. सप्टेंबरअखेर निघायचं. प्रमिला घरभर नाचली, चंद्राबाईला धरून एक गिरकी घेतली, आणि मग पोत्याकडे लक्ष जाऊन मटकन खाली बसली.

त्या शनिवारी तारीख तिनं सांगलीत ठेवली. दोघं चिंचांच्या सावलीतून हरिपूरला गेले. तिथे कृष्णा आणि वारणा मिळतात, आणि तिथेच जमिनीच्या पोटात हळदीची पेवं आहेत. वरून बघितलं तर नुसतं रान. पण माती उकरली की माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड लागतं, आणि खाली खोलीएवढी हळद. एक पेव नुकतंच उघडलं होतं. गडी कंदील दोरीला बांधून आत सोडत होते.

"लगेच उतरायचं नसतं," कृष्णात सांगत होता. "आतली हवा कोंडलेली असते. कंदील विझला नाही तर उतरायचं. हळद मात्र आत कितीही राहू द्या. कीड नाही, काही नाही. उलट रंग चढतो."

"मला रोमला बोलावलंय," प्रमिला म्हणाली. "दोन वर्षं."

कृष्णात वळला. त्याचा चेहरा आधी इतका उजळला की तिला रडू येईल असं वाटलं. "खरंच? तुमचे कवी राहिले त्या गावात?"

"त्याच गावात."

"मग जा की. नक्की जा, बाई. हे चुकवायचं नाही."

ती थांबली. नदीकडून वारा आला. कंदील खाली हलत होता. आता बोलेल, ती मनात म्हणाली. आता...

कृष्णातनं खांद्यावरचा रुमाल काढला, त्याची घडी केली, घडी मोडली आणि पुन्हा खांद्यावर टाकला.

"एवढंच?" तिनं विचारलं.

तो आभाळाकडे बघत राहिला.

"तुमच्या बाजारात न बोलता चालत असेल," प्रमिला म्हणाली. "माझ्या शास्त्रात न बोललेल्या शब्दाला शून्य किंमत आहे. मी पाच महिने उंबऱ्यावर उभी आहे, कृष्णात. मला ऐकायचं होतं." आणि ती चालायला लागली. स्टँडपर्यंत तिनं मागे वळून पाहिलं नाही. पुढच्या शनिवारी पोत्यावरची जागा रिकामी राहिली, त्याच्या पुढच्याही.

सुभेदार लालासाहेब लेकीला निरोप द्यायला आपली फौजेतली काळी ट्रंक घेऊन साताऱ्याला आले. ट्रंकेत गोधडी, मेतकूट, आणि ते जुनं पुस्तक. ओट्यावरच्या पोत्याभोवती त्यांनी एक चक्कर मारली. चंद्राबाईनं त्यांना काय सांगायचं ते सगळं सांगितलेलं होतं.

"तोंड का उतारलंय गं?"

"तो काही बोलत नाही, आबा."

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "पलटणीत आमची सायलेंट ड्रिल असायची. हुकूम न्हाई, शिट्टी न्हाई. तरी साऱ्यांचा पाय संगट पडायचा. बगनारा म्हनायचा, ही तर मुकी हायती." ते पोत्यावर बसले. "सांगलीवरनं हळद आनून दारात टाकली. दर शनवारी यष्टीचं धक्कं खात आला, पावसात भिजला, उंबरा काय वलांडला न्हाई. आन तू म्हंतीस, गप व्हता."

शनिवारी सकाळी प्रमिलानं हिरवी काकणं भरली आणि सांगलीची पहिली गाडी धरली.

बाजार ऐन रंगात होता. कृष्णात ढिगाशी उभा, रुमाल हातावर, नजर छताकडे. गाल खोल गेले होते. व्यापारी एकेक करून हात घालत होते. तात्याबा रांगेतून बाजूला झाला, त्यानं प्रमिलाला पाहिलं, आणि शहाण्या माणसासारखं तोंड मिटून तिला वाट दिली.

तिनं रुमालाखाली हात घातला. काकणं वाजली.

मग कृष्णातनं बापजन्मात कुणी अडत्यानं केलं नव्हतं ते केलं. छतावरची नजर खाली आणली, भर सौद्यात समोरच्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि डाव्या हातानं रुमाल ओढून काढला. दोघांचे हात सगळ्यांसमोर उघडे पडले. अख्खा बाजार बघत राहिला.

"मी गप्प बसलो," तो म्हणाला, "कारण मला वाटलं, मी विचारायचं आणि तुम्ही उत्तर द्यायचं. आणि उत्तर देणारा बांधला जातो. तुम्ही चालला होता रोमला, एवढ्या आनंदानं. तुमच्या पायात मी दोरी कशी टाकू? मग तुम्ही रागावून गेलात. मी ते चाळीस मार्कांचं पुस्तक परत काढलं. विचारणारा मोकळाच राहतो, बाई. एकटा उत्तर देणाराच बांधला जातो. म्हणजे मला विचारायचं नव्हतंच. मला उत्तर द्यायचं होतं. तुम्ही विचारा. इथे, सगळ्यांसमोर. मी बांधला जातो, तुम्ही मोकळ्या जा."

प्रमिलाला वर्गात शेकडो वेळा शिकवलेला तो नियम आठवला. शेकडो वेळा, आणि एकदाही असा ऐकला नव्हता. डोळे भरून आले, चष्म्यावर वाफ धरली. तरी ती ताठ उभी राहिली, कारण करार करारासारखाच व्हायला हवा होता.

"कृष्णात मोहिते," ती स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाली, "माझ्यावर प्रेम करण्याचं आणि मी परत येईपर्यंत माझी वाट पाहण्याचं वचन देतोस?"

"देतो."

"अर्धं उत्तर चालत नाही."

कृष्णात हसला. कितीतरी दिवसांनी. "वचन देतो," तो म्हणाला, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाला की पलीकडच्या गुळाच्या पेढीवरले लोक बाहेर आले. "प्रेम करतोच आहे. मार्चपासून. तू मूठ आवळलीस तेव्हापासून."

कुणीतरी शिट्टी मारली. प्रमिलानं ओल्या डोळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्याच्या हातातून रुमाल काढून घेतला.

"हा माझा कायदा झाला," ती म्हणाली. "त्यात मी मोकळी आहे, हे खरं. पण उभी आहे सांगलीत." तिनं रुमाल आपल्या उजव्या हातावर पसरला आणि हात पुढे केला. "आता तुझा कायदा."

कृष्णात तिच्याकडे बघत राहिला. मग हळूच त्यानं रुमालाखाली हात घातला. रीतीप्रमाणे भाव सांगायला त्यानं तिचं एक बोट दाबलं, दुसऱ्यावर जायला लागला... पण प्रमिला कसली थांबतेय? तिनं अख्खी मूठ आवळली. या वेळी ती दचकलेली नव्हती, आणि छताकडेही बघत नव्हती.

सौदा पुकारायचा असतो अडत्यानं. पण अडत्याच्या तोंडून आवाज फुटेना, तेव्हा तात्याबानंच पुकारला.

ओट्यावरचं ते पोतं दुसऱ्या दिवशी एस.टी.च्या टपावरून सांगलीला परत गेलं. प्रमिला निघायच्या आधी दोघांनी मिळून ते हरिपूरच्या पेवात उतरवलं आणि वरून माती लोटली. बरोबर आलेल्या सुभेदारांनी पेवाला कडक सलाम ठोकला. मुंबईच्या विमानतळावर तिच्या पिवळ्या तळव्याकडे बघून एका अधिकाऱ्यानं विचारलं, लग्न झालंय वाटतं? ती म्हणाली, सौदा झालाय.

त्या हिवाळ्यात रोममध्ये तिनं प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहून आपल्या प्राध्यापकांना दिलं. न उच्चारलेल्या वचनानं कुणीही बांधला जात नाही, असं त्यात ठाम विधान होतं. खाली बारीक अक्षरात तळटीप होती : अपवाद, सांगली. प्राध्यापकांनी तळटीपेला लाल शाईनं गोल केला आणि समासात लिहिलं, पुरावा कुठे आहे?

प्रमिलानं त्याच्याखाली लिहिलं, पुरावा जमिनीत ठेवला आहे. दोन वर्षांनी उघडू. तोवर रंग चढतोय.